केसांतली रुई

मावशी, तुझ्या ओट्यावर अजून कुणी बसत नाही. कापसाच्या जिनचा भोंगा होतो, बाया परत येतात, तुझ्या दारापाशी त्यांचा पाय घुटमळतो आणि मग जिची ती आपल्या झोपडीत शिरते. तुझी शेजारीण कौसाबाई तेवढी परवा ओटा सारवून गेली. मी म्हटलं, द्या, मी सारवते. तर म्हणाली, "तुह्या हातचं सारवन म्हंजे कोंबडीनं उकरल्यावानी. राहू दे." बरं वाटलं. तू गेलीस तेव्हापासून मला कुणी टाकून बोललंच नव्हतं.

आज दहा दिवस झाले. संपादकांचा निरोप आलाय की भागाबाईंवर लिहा, आणि सुरुवातीला त्यांचं वय, जन्मगाव, मुलंबाळं एवढं द्या. यातलं मला काही धड माहीत नाही. तुझं वय तुलाच ठाऊक नव्हतं. गाव संग्रामपूरकडचं म्हणायचीस, पण ते कधी डोंगराच्या अलीकडे असायचं, कधी पलीकडे. मला माहीत आहे ते असलं की भाकरी थापताना तू डावा अंगठा आत मुडपायचीस, आणि रागावलीस की आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा.

निरोपात शेवटी आणखी एक ओळ होती. "केसांतल्या रुईचा तो मजकूर यातच घाला. आता त्या नाहीत, तेव्हा हरकत घेणारंही कोणी नाही."

ती ओळ वाचल्यापासून मला जेवण जात नाही. तू 'काढ, छापू नको' म्हणाली होतीस तो लेख. तुझ्यामाघारी मी तो छापला तर मी कोण? आणि नाही छापला तर तुझ्याबद्दल सांगण्यासारखं जे खरं आहे, ते मग कशात सांगू? घाबरट तर मी पहिल्यापासूनच आहे. काही अडलं की तुझ्या ओट्यावर येऊन विचारायचे. तीच सवय म्हणून वही घेऊन बसलेय आणि तुझ्याशीच बोलतेय.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन लोणारहून खामगावला आले. दोन एसट्या बदलून. नवरा मालधक्क्यावर हमाल, मी सहावी झालेली. सातवीची पुस्तकं आणली होती, ती धाकट्या भावाला देऊन निघाले. कापूस गाळायच्या जिनला पाठ लावून आपली वस्ती. पत्रा, तट्टे, पोती. उतरले तेव्हा ऊन टळटळीत. सगळ्यात आधी तू आलीस, हातात तांब्या. मी तो घेतला, तुझ्या दारातून आत पाहिलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली, आणि म्हणाले, "तहान नाही." ओठ फाटले होते माझे. तू तांब्या घेतलास, फुटक्या मडक्यातल्या मिरचीच्या रोपाला पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "बरं. हिले तरी लागली असन."

त्यानंतर किती वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. माझं बाळंतपण तू केलंस. पण त्या तांब्याचं मी कधी बोलले नाही. बोलायचं ठरवून दोनदा आले होते. एकदा तू भांडत होतीस, एकदा झोपली होतीस. कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

लिहिण्याचं वेडही तूच लावलंस. वस्तीत बाहेरगावी पत्रं लिहायला मी एकटीच होते, तेवढीच माझी विद्या. एकदा चिवड्याची पुडी आली साप्ताहिकाच्या पानात बांधून. त्यावर आपल्या वस्तीचं वर्णन! तेल लागलेलं पान मी तुला वाचून दाखवलं. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं की झोपड्या ओस होत्या, माणसं निरुत्साही, दारात फक्त कुत्री.

तू हसता हसता खोकलीस. "दुपारचा आला असन हा. दुपारी आमी जिनमंधी, माणसं धक्क्यावर. घरी कोन राहीन? कुत्रेच न! त्याईलेच इचारून लेहलं का काय यानं?"

मग माझ्याकडे वळलीस. "तू लेह."

"मी? सहावी झालेली?"

"तो किती झाला होता मंग? कवा यावं ते समजलं नाही त्याले."

लिहायचं कसं हेही तूच शिकवलंस, अक्षर एक येत नसताना. मी पहिल्यांदा लिहून आणलं, "वस्तीत पाणी नाही." तू म्हणालीस, "पानी नाही तं मेलो असतो. कुठून येते ते लेह. कोन आनते, कवा आनते, भांडन कोनाशी होते." त्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी वही उभी आहे. नाही हा शब्द आला की मी अजून थांबते आणि विचारते, मग चालतं कसं?

म्हणून मी पाणी कुठून येतं ते लिहिलं. आणि तिथेच घात झाला.

जिनचं इंजिन थंड करणारं पाणी मागच्या हौदात पडायचं. कोमट. भिंतीला दोन विटांची फट होती. राखणदार गफूरचाचा पहाटे त्या फटीतून पन्हळ बाहेर सोडायचे, आणि हिवाळ्यात अख्ख्या वस्तीची अंघोळ ऊन पाण्याने व्हायची. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी सगळं लिहिलं. भिंत, फट, पन्हळ, चाचांचं "जल्दी भरो बेटी" म्हणणं. चाचांचे आभार मानले, नावासकट. त्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तो लेख पहिल्या पानावर छापला. मी अंक उराशी धरून धक्क्यापर्यंत चालत गेले, नवऱ्याला दाखवायला.

आठ दिवसांत फट बुजली. चाचांना काढलं. जाताना ते माझ्या दारात आले. मला वाटलं शिव्या देतील. म्हणाले, "अच्छा लिखा है, बेटी. मालिक के आदमी ने पूरा पढ़के सुनाया मेरे को. दो बार." त्यात टोमणा नव्हता, मावशी. नसल्यामुळेच ते अजून उतरत नाही.

बायांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कौसाबाई विहिरीवरून येताना मुद्दाम माझ्या दारापुढे थांबून हंडा खाली ठेवायची, कमरेवर हात देऊन मोठ्याने म्हणायची, "लेह वं लोणारवाली, कौसाची कंबर मोडली. आभार मान कोनाचे तरी." मी वही चुलीत घालायला निघाले. तू मनगट धरलंस. आवाज अगदी खाली.

"जाळू नोको. लेहनं नाही चुकलं तुह्यं. इचारलं नाही, ते चुकलं. गफूरले इचारलं होतं, तुमचं नाव टाकू का?"

"नाही."

"काऊन?"

"मला वाटलं, त्यांना आनंद होईल."

"झाला असन. मंग भाकर गेली."

त्या दिवसापासून तू रीत घातलीस. लेख लिहिला की आधी ओट्यावर वाचायचा. ज्यांच्यावर आहे त्यांनी ऐकायचं आणि प्रत्येकीने सांगायचं, ठेव की काढ. एकीने जरी 'काढ' म्हटलं तरी ते जाणार. तू सगळ्यांच्या शेवटी बोलणार. सुरुवातीला बाया गंमत म्हणून बसायच्या. मग भांडायला लागल्या. कौसाबाई रोज भांडते असं मी लिहिलं, तर उसळली, "रोज? शनवारी माह्या उपास असते, तवा कवा भांडली मी?" ते दुरुस्त करावं लागलं. सुमनच्या नवऱ्याने दारू सोडली असं लिहिलं, तर सुमन म्हणाली, "काढ वं. छापून आलं तं पुन्हा सुरू करीन तो." या ओट्यावर माझी किती वाक्यं मेली! मी घरी येऊन रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी दिसायचं की उरलेलं जास्त खरं झालंय. संपादक विचारायचे, "हे इतकं नेमकं कुठून सुचतं?" मी सांगायचे, ओट्यावरून. त्यांना ती विनयाची भाषा वाटायची.

आता रुईचं.

जिनमध्ये यंत्रावर कपाशी लावणाऱ्या बायांच्या अंगावर दिवसभर रुई उडते. फाटकावर झडती व्हायची, ओचा झटकायचा, हात उघडून दाखवायचे. डोक्याला कुणी हात लावत नसे. परत आल्यावर बाया तुझ्या ओट्यावर एकीमागे एक बसायच्या, प्रत्येक बाई पुढचीच्या केसांतली रुई वेचायची, आणि ती तुझ्या गाडग्यात जायची. वस्तीत कुणी पोटुशी असली की सातवा लागल्यावर ते गाडगं तिच्याकडे. बाळाची पहिली गादी त्या रुईची. माझी लेकही तिच्यावरच झोपली. आणि असं कुणासाठी गाडगं भरायचं असलं की कामावर जाताना सगळ्या डोक्याला तेल जास्त चोपडायच्या, म्हणजे रुई जास्त चिकटेल. कुणी कुणाला सांगत नसे. सकाळी तेलाचा वास आला की कळायचं, अमकीला दिवस गेले.

हे मी लिहिलं तेव्हा माझ्या हातून याहून बरं काही व्हायचं नाही, हे कळत होतं. ओट्यावर वाचलं. कौसाबाई नाक ओढत म्हणाली, "ठेव." एकेक करत सगळ्या 'ठेव' म्हणाल्या. मी तुझ्याकडे पाहिलं.

"काढ."

"मावशी, नावं बदलते ना सगळ्यांची."

"नावं बदलशीन. डोकं कसं बदलशीन? आज ओचा झटकते. हे वाचलं का उद्या डोकं उकलतीन. गाडीवाले, हमाल, साऱ्यायच्या देखत. बाईचे केस फाटकावर उकलू नाही देनार मी."

मी वाद घातला. म्हटलं, तूच म्हणायचीस ना, कुठून येतं ते लिही. तू म्हणालीस, "हाव. आन् इचारून लेह, हेबी मीच म्हनलं." मी म्हटलं, मग खरं लिहायचंच नाही का कधी? तू उठलीस, गाडगं उचलून आत नेलंस. तो वाद तिथेच राहिला. त्यानंतर तुझा खोकला वाढला, तू कामावर जाणं सोडलंस, आणि आजारी माणसाशी काय भांडायचं म्हणून मी तो पुन्हा काढला नाही. खरं तर भांडायला हवं होतं. तू जिंकली असतीस, पण मला पूर्ण ऐकायला मिळालं असतं.

आता तुला न सांगितलेलं सांगते.

दिवाळीच्या आधी मी संपादकांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, नवीन काय? आणि मी सांगितलं. लेख दिला नाही, तोंडी सांगितलं. तेलाचं, गाडग्याचं, सगळं. इतके दिवस आत कोंडलेलं होतं, ते भडाभडा बाहेर आलं. संपादकांचे डोळे चमकले आणि मी फुलून गेले. खोलीत आणखी एक गृहस्थ चहा पीत बसले होते. कापसाच्या अडतीतले आहेत हे मला निघताना कळलं. ते ऐकत होते की नव्हते, देव जाणे. त्यांचं तोंड वर्तमानपत्रात होतं.

हंगाम सुरू झाला आणि महिन्याभरात फाटकावर एक नवी मुकादमीण उभी राहिली. डोकी उकलायला लावली. कौसाबाईचे पांढरे केस कमरेपर्यंत आहेत हे त्या दिवशी गाडीवाल्यांना कळलं. तिथे कुणीतरी शीळ घातली म्हणतात. सुमनला सातवा लागत होता.

तुला आम्ही सांगितलं नाही. तू अंथरुणावर होतीस. बाया रोज येत राहिल्या, तुझ्यापुढे एकीमागे एक बसत राहिल्या, एकमेकींच्या केसांतून रुई वेचत राहिल्या. ती रुई कुठली होती माहीत आहे? कौसाबाईने आपली जुनी गादी उसवली होती. रोज चिमूट चिमूट केसांत खोचून त्या तुझ्याकडे यायच्या. मीही खोचली. आणि तू एकदा ती बोटांत चोळून म्हणालीस, "औंदाची रुई अशी दबलेली काऊन वं?"

कौसाबाई क्षणभर न अडखळता म्हणाली, "औंदा पानी जास्त झालं न."

"हाव," तू म्हणालीस. "झालं असन." आणि डोळे मिटलेस.

तुला कळलं होतं का, मावशी? हे मी रोज स्वतःला विचारते. कळलं असेल तर तू आम्हाला नाटक करू दिलंस. नसेल तर तू तुझा शब्द राखला गेला असं समजून गेलीस. दोन्हीतलं कुठलं मला सोपं जाईल, ते ठरवता येत नाही. तू गेलीस ती दुपारी. बाया जिनमध्ये होत्या. मी एकटी होते, आणि तू मला 'सुमन' म्हणून हाक मारलीस. मी ओ दिली.

एवढं लिहून झालं तेव्हा मला वाटलं, हेही न विचारता द्यायचं असेल तर मी काहीच शिकले नाही. म्हणून काल भोंग्याच्या वेळेला मी ओट्यावर जाऊन बसले. बाया आल्या. त्यांना म्हटलं, बसा, वाचायचंय. अडखळत बसल्या. मी इथपर्यंत सगळं वाचलं, तांब्यापासून. संपादकांच्या खोलीतलंही वाचलं.

मग सुमन म्हणाली, "म्हंजे तुह्याच्यानं झालं हे?"

"माहीत नाही. असेल."

"असन म्हने!" कौसाबाई कडाडली. "अवं, इतक्या वर्साच्या बाया तेलानं डोकं चोपडून जाते, वास इंजिनापर्यंत जाये. जिनवाल्याले नाक नाही काय? कोनंही सांगतलं असन, नाहीतं कोनंच सांगतलं नसन." मी जरा श्वास घेतला. ती तिथेच थांबली नाही. "पन तुनं सांगतलं न? इचारलं होतं आमाले?"

"नाही."

"दुसऱ्यांदा."

"हो. दुसऱ्यांदा."

"हां. मंग तेवढं तुह्यावर राहीन. ते आमी नाही पुसत."

मी मान हलवली. खरं सांगू, ती जर म्हणाली असती की जाऊ दे, तर मी तिथून उठू शकले नसते. हे वजन उचलण्यासारखं होतं.

मग मी रीतीप्रमाणे विचारलं, ठेवू की काढू? सुमन पोटावर हात ठेवून बसली होती. तिने सगळ्यांच्या आधी सांगितलं. "ठेव. डोकं तं उकललंच त्याईनं. फाटकावर रोज चोट्टी म्हन्ते मले. कायच्यासाठी नेत होतो ते लेहून जाऊ दे एकदा." तिच्या शेजारची म्हणाली, ठेव. तिच्यामागची, ठेव. कौसाबाई म्हणाली, "ठेव. आन् माह्यं नाव बदलू नोको. केस साऱ्या गावानं पाह्यले, आता नाव कायचं झाकतं?"

सगळ्या झाल्या. आणि मग अडलं, कारण शेवटी बोलायची ती तू. कुणाला पुढे काय करायचं ते कळेना. एकीने हळूच म्हटलं, "तिचं आता कोन सांगन?"

कौसाबाई म्हणाली, "सांगन कायले? तिनं सांगतलं. काढ म्हने ते."

"मग काढू?" मी विचारलं. "रीत तर तशीच आहे. एकीचं पुरे."

कौसाबाई सारवलेल्या ओट्यावर बोटाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "काढू नोको. पन तिचं बोलनं खाऊ नोको. ती काढ म्हने, काऊन म्हने, समदं लेह. आमी ठेव म्हटलं तेबी लेह. तिची गोठ पह्यले, आमची मांगून. भागाबाई नाही म्हनत होती आन् आमी तिच्या माघारी हाव म्हटलं, हे वाचनाऱ्याले समजलं पायजे. तिले वाटू नाही, का मेली तं सोडून देल्लं तिचं."

"संपादक ते वाक्य ठेवतील का, सांगता येत नाही," मी म्हटलं. "त्यांना लांबलेलं आवडत नाही."

"मंग सांग त्याले, ते काढलं तं समदंच काढ."

"मी सांगेन, पण..." मला संपादकांपुढे बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. तिलाही माहीत आहे.

"पन काय? मी येतो न संगं. सकाळचा खाडा करतो."

मावशी, त्यामुळे हा कागद मी पोस्टाने पाठवत नाहीये. उद्या आम्ही दोघी छापखान्यात जाणार आहोत. लेखात स्पष्ट लिहिलंय की भागाबाई या मजकुराला नाही म्हणाली होती, तिचं कारण बाईच्या अब्रूचं होतं, आणि ते कारण आज खरं ठरलेलं आहे. अक्षरांचे खिळे जुळवून पहिला कागद निघेपर्यंत हलायचं नाही असं कौसाबाईने ठरवलंय. मी म्हटलं, तुम्हाला वाचता कुठे येतं? तर म्हणाली, "तू वाच न मोठ्यानं. मी तिथंच बसून ऐकतो. तिचं आलं का नाही तेवढं मले समजते."